तूर्तास अमेरिकन

आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की भाऊसाहेब आपणहून त्याच्या दारात जायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "गंगाधर आसाराम दाभाडे. सेवानिवृत्त अव्वल कारकून. तूर्तास अमेरिकन."

समोरचा बघतच राहायचा. डोक्याला पांढरी टोपी, अंगात बंडी, पायात रबरी चप्पल, हातात दुधाची किटली. माणूस हसायचा. भाऊसाहेब हसायचे नाहीत. खरंच अमेरिकन होते ते. निळा पासपोर्ट मी स्वतः हातात घेऊन बघितलाय.

मी शेषराव. चौथी पास, ती पण मास्तरांनी ढकललं म्हणून. चितेगावला कंपनीत गाड्या भरायचो, आता घरीच असतो. मंडळी गेल्याला दीड वर्ष झालं. पोरगी कन्नडला दिलीय, ती म्हणती, बाबा काहीतरी लिहीत जा, डोकं थाऱ्यावर राहतं. स्वतःबद्दल लिहायला काही नाय, म्हणून भाऊसाहेबांबद्दल लिहितो. त्यांची परवानगी घेतलीय. म्हणाले, "लिहा, पण तारखा टाकू नका. तारीख टाकली की माणूस अडकतो."

आमची ओळख जुनी, पण चांगली नव्हती. तीसेक वर्षांमागं मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांच्या टेबलापुढं उभा राहिलो होतो. चार खेपा. एकदा तिकीट लावलेलं नव्हतं, एकदा सही अर्धवट, एकदा झेरॉक्स पुसट. चौथ्यांदा सगळं बरोबर होतं, तर म्हणाले, "आज दाखले लिहायचा वार नाही." मी पायऱ्या उतरेपर्यंत शिव्या दिल्या. पुढं कर्ज काढून हे घर घेतलं, आणि शेजारी बघतो तर हेच.

त्यांना पोरगा एकच, प्रमोद, अमेरिकेत. त्यानं आईबापाला नेलं. पाच-सहा वर्षं दोघं तिथं राहिले. मग पोरगा म्हणाला, नागरिकच होऊन टाका, दवाखान्याचं सोपं पडेल, कागदाची कटकट मिटेल. भाऊसाहेबांपुढं कुणी कागदाची कटकट मिटेल म्हणलं की त्यांना ते खरं वाटतं. वहिनींनी नागरिकत्वाच्या परीक्षेची उत्तरं आरतीसारखी तोंडपाठ केली. दोघांनी हात वर करून शपथ घेतली. भाऊसाहेबांचं या बाबतीत म्हणणं असं की, "मी नुसते ओठ हलवले. सबब शपथ लागू झालेली नाही." हे त्यांनी मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीला आणि दिल्लीला आपल्या सरकारला लेखी कळवलंय. दोन्हीकडून पोच आली, उत्तर नाय.

वहिनींना तिथं करमेना. परत आले. इथं राहायला त्यांना एक पुस्तक मिळालेलं होतं, जन्मभर राहा म्हणणारं. पण मत देता येत नाय, शेती घेता येत नाय. तरी काही बिघडत नव्हतं. मग चार वर्षांमागं वहिनी गेल्या, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"शेषराव, मला अमेरिका सोडायची आहे."

"सोडलीच की. कवाच आलात."

"तसं नाही. कागदावरून. मी परदेशी म्हणून मरणार नाही."

तेव्हा त्यांना चौऱ्याहत्तरावं चालू होतं, छातीत दोन नळ्या बसवलेल्या. घाई होती, ती दिसत होती.

आता गंमत बघा. इथल्या कलेक्टर कचेरीत गेलो तर टेबलावर काकडे. हा काकडे भाऊसाहेबांच्या हाताखालून तयार झालेला. उठून उभा राहिला, चहा सांगितला, आणि म्हणाला, "भाऊसाहेब, आधी तिकडचं सोडा, मग इकडचं बघू." मुंबईला त्या लोकांच्या कचेरीला विचारलं तर ते म्हणाले, "आधी दुसरा देश दाखवा. नाहीतर तुम्ही कुठलेच राहणार नाही." मी म्हणलं, ही काय तऱ्हा झाली? भाऊसाहेब मात्र खूश. मान हलवून म्हणाले, "त्रुटी उत्तम काढली आहे."

त्यांचं असंच. दुसरा माणूस खेप वाया गेली की चिडतो. यांना कुणी नवी त्रुटी काढून दाखवली की बरं वाटतं. गाणं ऐकणारा माणूस वाहवा करतो ना, तसं. एकदा मुंबईहून पत्र आलं की जुन्या पासपोर्टावर जन्मगाव कन्नड, जिल्हा औरंगाबाद, आणि नव्या जन्मदाखल्यावर जिल्हा छत्रपती संभाजीनगर, तरी ही गावं दोन की एक, खुलासा करावा. मी म्हणलं, "कळवा, गाव जागेवरच आहे, पाटी बदलली." ते म्हणाले, "असं चालत नाही, शपथपत्र लागेल." स्टँपपेपरवर शपथपत्र केलं. त्यात तीन महिने गेले.

मग तिकडचा कर. अमेरिकेचं म्हणणं, मागच्या पाच वर्षांचा हिशोब दाखवल्याशिवाय सोडणार नाही. यांची कमाई म्हणजे पेन्शन. "शेषराव, मी इथल्या सरकारची सेवा केली, पेन्शन इथलं सरकार देतं, आणि ते किती हे अमेरिकेला कळवायचं!" शेवटी एक वकील लावला, त्यानं कळवलं. आणि सोडायची फी घ्यायच्या फीपेक्षा जास्त. मी म्हणलं, "एवढ्यात तर आमच्या पोरीचं लग्न झालं." ते म्हणाले, "लग्न मोडायलाच जास्त लागतं."

कचेरीत ते काकडेच्या फायली नीट लावून देत बसायचे. दोरा डाव्या कोपऱ्यात पाहिजे, जावक नंबर लाल शाईत पाहिजे. एकदा काकडे जेवायला गेला. खुलताबादकडची एक बाई दाखल्यासाठी आली, आणि हे टेबलाशी बसलेले, तिला वाटलं हेच साहेब. यांनी सवयीनं कागद हातात घेतले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "झेरॉक्स पुसट आहे." बाई कागद गोळा करून निघून गेली.

मी म्हणलं, "वा! अमेरिकेच्या माणसानं इथल्या बाईला परत पाठवलं."

त्यांचं तोंड उतरलं. उठले, टोपी तिथंच ठेवली आणि फाटकापर्यंत पळाले. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, छातीत नळ्या. बाईला रिक्षातून उतरवून आणलं, स्वतः खाली जाऊन झेरॉक्स काढली, स्वतःच्या पैशानं. बाई गेल्यावर मला म्हणाले, "शेषराव, तुम्हाला मी किती खेपा घालायला लावल्या होत्या?"

"चार."

"जास्त झाल्या," म्हणाले. तीस वर्षांनी तेवढं तरी ऐकायला मिळालं.

पोलीस येऊन चौकशी करून गेला. गल्लीत विचारलं, माणूस कसा आहे. मी म्हणलं, "किचकट आहे, पण आपला आहे." शेवटी दिल्लीचं पत्र आलं. तुमचा अर्ज मंजूर करू, फक्त तिकडचं सोडल्याचा कागद मुदतीत आणून द्या. मुंबईची तारीख मिळाली. मी बरोबर गेलो, कारण तिथं आत मोबाइल नेऊ देत नाहीत, पिशवी नेऊ देत नाहीत, आणि मोबाइल-पिशवी सांभाळायला कुणीतरी लागतं.

रेल्वेत मनमाड गेल्यावर त्यांनी एक कागद काढला. इंग्रजी. मला येत नाय.

"वाचून दाखवा की."

"हिचा आहे. ती गेली तेव्हा अमेरिकेच्या कचेरीला कळवावं लागलं. मग त्यांनी हा पाठवला." बोटानं ओळ धरली. "अमेरिकन नागरिकाचा परदेशात मृत्यू."

"कुठं परदेशात?"

"आपल्या गल्लीत, शेषराव. माझ्या घरात. मधल्या खोलीत."

माझी मंडळी घाटी दवाखान्यात गेली, दुसऱ्या दिवशी दाखला हातात. त्यावर तिचं नाव चुकलं होतं, पण गाव बरोबर होतं.

ते म्हणाले, "मी आता इकडचा होईन. आणि ती राहील तिकडची. चव्वेचाळीस वर्षांचा संसार झाला आमचा." कागद घडी करून ठेवला आणि कसाऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं हे मुंबईत उतरून परतीचं तिकीट काढतात.

पण गेले आत. मी बाहेर फूटपाथवर दोन मोबाइल आणि एक पिशवी घेऊन अडीच तास बसलो. आले तेव्हा चेहरा वेगळाच.

"झालं?"

"झालं. खिडकीतल्या बाईनं विचारलं, कुणी जबरदस्ती करतंय का? मी सांगितलं, घेताना झाली होती, सोडताना नाही. मग विचारलं, मुलाकडं जायला पुढं व्हिसा लागेल, मिळेल न मिळेल, चालेल का? म्हणालो, चालेल." इथं त्यांनी पाणी मागितलं. पिऊन म्हणाले, "मग मी हिचा कागद काढला. म्हणालो, बाई, फी देतो, हिचं पण रद्द करा."

"मग?"

"ती गोंधळली. आत जाऊन कुणाला तरी विचारून आली. म्हणाली, सर, माणूस गेला की नागरिकत्व संपतं. तुमच्या पत्नी आता कुठल्याच देशाच्या नाहीत." भाऊसाहेबांनी नाक पुसलं. "शेषराव, ती तर केव्हाच सुटली की. मीच मागं राहिलो होतो."

दोनेक महिन्यांनी पाकीट आलं. आत सोडल्याचा कागद, शिक्क्यासकट. मीच आनंदानं काकडेला फोन करून टाकला. आता फक्त कचेरीत जायचं, शपथ घ्यायची, नवा दाखला घ्यायचा. पाच मिनिटांचं काम. चार वर्षं ज्याच्यामागं लागले, ते रिक्षानं वीस मिनिटांवर.

मी नवा सदरा घालून त्यांच्या दारात गेलो. ते झोपाळ्यावर बसलेले. म्हणाले, "आज नको. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, पाय दुखतोय. तिसऱ्या दिवशी मी चिडलो. "अहो, हे काय लावलंय? आज तुम्ही तिकडचे नाय, इकडचे नाय. रस्त्यात पडलात तर कुणी विचारायचं? दिल्लीची मुदत हाय!"

"मुदत आहे अजून," ते म्हणाले. मग हळूच, "शेषराव, सध्या मी आणि ती एकाच ठिकाणचे आहोत. कुठलेच नाही. पुन्हा असं जमणार नाही. मी जाईन, नाही कुठं म्हणतो? पण सोमवारपर्यंत राहू द्या."

मी त्यांच्या शेजारी झोपाळ्यावर बसलो.

दुपारी काकडेचा फोन आला, माझ्याच मोबाइलवर. "काका, साहेब बसलेत, मोकळे आहेत, भाऊसाहेबांना लगेच घेऊन या."

मी म्हणलं, "आज जमायचं नाय. ते बाहेरगावी गेलेत. सोमवारी येतील."

भाऊसाहेब माझ्यासमोर बशीत चहा ओतत होते. माझ्याकडं न बघता त्यांनी दुसरी बशी पुढं सरकवली.