घरटी एक नमुना

चाळीसपैकी चाळीस! एकही कमी नाही!

हे मी डॉक्टर धनेश सरांना भर मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून सांगितलं. टेबलावरचा चहा सांडला, पण माझा आत्मविश्वास तसूभरही सांडला नाही. का सांडेल? गाव कुठलं, तर पाणदरवाडी. म्हसळ्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीतलं, आणि माझं सासर!

काम असं होतं. हेपॅटायटिस सी नावाची एक कावीळ असते, लिव्हरला गुपचूप पोखरणारी. देशात ती किती जणांना आहे, हे सरकारला काढायचं होतं. आता कालवणात मीठ किती हे बघायला कुणी अख्खा टोप पितं का? चमचाभर चाखायचं. फक्त आधी नीट ढवळायचं. आमचं ढवळणं म्हणजे चिठ्ठ्या! चिठ्ठ्या टाकून गाव निवडायचं, चिठ्ठ्या टाकून चाळीस घरं, आणि प्रत्येक घरातल्या मोठ्या माणसांतून चिठ्ठी टाकूनच एक जण. त्याचं रक्त घ्यायचं.

पण लोक रक्त देत नाहीत हो! सुई बघितली की धडधाकट गडी वाडीत पळतो. आधीच्या गावात प्रणयला चाळीसातली एकोणीसच मिळाली होती. प्रणय म्हणजे आमच्यातला दुसरा टेक्निशियन, आणि टीमप्रमुख होण्यासाठी टपून बसलेला.

"मॅडम, चाळीस नाही झाले तर?" त्याने गोड आवाजात विचारलं.

"तर पुढच्या गावापासून तू प्रमुख! मी तुझ्या मागून बर्फाच्या पेट्या उचलीन!"

सरांनी ते लगेच लिहून घेतलं. मेले हे बोललेलं लिहून घेणारे लोक!

मी आदल्या संध्याकाळीच एक कागद लिहिला आणि देवळाच्या भोंग्यावरून वाचायला पोलीस पाटील रावजीतात्यांकडे धाडला. वर मथळा, 'हेपॅटायटिस सी रक्ततपासणी सर्वेक्षण'. खाली, 'सरकार देशभरातून नमुने गोळा करत आहे. पुढील चाळीस घरांनी घरटी एक नमुना उद्या सकाळी नऊ वाजता शाळेत पाठवावा.' आणि सोबत जोडलेली चाळीस नावांची यादी.

तात्यांना 'हेपॅटायटिस' वाचता येईना. म्हणून त्यांनी वरची ओळच गाळली! नंतर विचारलं तर म्हणतात, "सूनबाई, मुद्द्याचं सगळं वाचलं की!"

सकाळी नऊला मी पांढरा कोट घालून शाळेत खुर्चीवर बसले, तर अंगणात ही गर्दी! मी प्रणयकडे असं बघितलं, की त्याने मान खाली घातली.

पहिले आले बुधाजीआजोबा. हे बैलांशी फक्त हिंदीत बोलतात. का, तर बैल बाजारात हिंदी बोलणाऱ्या माणसाकडून घेतले होते. मागोमाग मनुबाई. यांना तालुक्यातल्या प्रत्येक लग्नाचं जेवण पाठ! मला बघताच म्हणाल्या, "तुज्या लग्नात वालाच्या भाजीत मीठ कमी व्हतं गो!" मग दादू आणि हरेश्वर हे सख्खे भाऊ आले, एकमेकांची कॉलर धरून.

"ह्यो घ्या!" दादू ओरडला.

"मी न्हाय, ह्यो! आख्ख्या गावाला इचारा!" हरेश्वर ओरडला.

मला जरा विचित्र वाटलं. पण चाळीसचा आकडा डोळ्यांसमोर नाचत होता, त्यामुळे विचित्रपणाला वेळ नव्हता. तेवढ्यात सरांचा फोन.

"दिपाली, नमुने मिळाले का?"

"एकाहून एक, सर!"

"थंड ठेवा हं. तापले की वाया जातात."

समोर दादूने हरेश्वरची टोपी उडवली होती. "तेच बघतेय, सर!"

"फार हलवू नका. आणि प्रत्येकाला लेबल लावा."

मनुबाई बुधाजीआजोबांना काहीतरी लेबल लावतच होत्या. फारच जुनं होतं ते. मी फोन ठेवला.

मग कोकिळावहिनी आल्या, नवऱ्याला दंडाला धरून. नवरा हसतमुख. छत्री उघडून वर्गात शिरलेला.

"आणला बाय! सही कुठं करू? आनि परत कदी देनार?"

मी रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, "नमुना परत देत नसतो, वहिनी. शहरातल्या लॅबला पाठवतो. तिथं तपासतात आणि मग टाकून देतात."

अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"टाकून देत्यात?"

"हो. जाळून टाकतात. नियमच आहे तसा."

असा कल्लोळ उठला म्हणून सांगू! छत्री मिटली. कोकिळावहिनींनी नवऱ्याला पाठीमागे घातलं. "न्हाय द्यायचा मला! सतरा छत्र्या हरवल्यान त्यानं, पन मानूस माझा हाय!" दादूने ज्याची कॉलर धरली होती त्यालाच मिठी मारली. "माजा भाव हाय तो! नमुना असला तरी आमचा हाय!" बुधाजीआजोबा हिंदीत ओरडले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी म्हणत होते रक्ताचा नमुना. आणि गावाने प्रत्येक घरातला खरोखरचा नमुना निवडून पाठवला होता!

मी खुर्चीवर उभी राहिले. "अहो, रक्त हवंय! एक नळी रक्त! माणूस नको!"

मग मनुबाईंना हसू फुटलं, आणि बघता बघता सगळं अंगण पोट धरून हसायला लागलं. रावजीतात्या तेवढे हसले नाहीत. ते हळूच शाळेच्या मागे गेले.

पण गंमत पुढेच आहे! शेजाऱ्याने कोणता नमुना पाठवलाय हे बघायला झाडून सगळं गाव आलं होतं. घरात एक माणूस राहिला नव्हता, निदान मला तरी तसं वाटलं! एरवी एकेका घराला चार चकरा माराव्या लागतात. इथे कुटुंबंच्या कुटुंबं हजर! मी तिथल्या तिथे घरागणिक चिठ्ठ्या टाकल्या. हसणाऱ्या माणसाला सुई टोचते कुठे? एवढंच नाही, ज्यांचं घर यादीत नव्हतं ते भांडायला आले. "आमच्या दत्तात्रेयासारखा नमुना आख्ख्या रायगडात दाखवा! आमाला का वगळलंत?"

दोन वाजेपर्यंत एकोणचाळीस नळ्या बर्फात. मी प्रणयला म्हणाले, "पेट्या उचलायची सवय कर हो!"

प्रणयने यादी पुढे केली. त्याचा चेहरा भलताच फुलला होता. "मॅडम, एक घर राहिलंय. तिथून कुणीच आलं नाही."

मी नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. गणराज... माझे सासरे! काल घाईत यादी न बघताच मी ती कागदाला जोडली होती. गावभर मिरवलं आणि घरच्यांनीच घात केला? मी तणतणत सासूबाईंना फोन लावला. स्पीकर चुकून चालू राहिला, तेवढं मात्र वाईट झालं.

"आई! एकोणचाळीस घरांनी नमुना पाठवला आणि आपल्या घरानं न्हाय? माझी काही इज्जत?"

"न्हाय कसा? सकाळी आटलाच डबा देऊन धाडलाय की!"

"कुठाय मग? मला दिसत न्हाय!"

"बग की नीट. पांढरा कोट घातलाय, खुर्चीवर बसला असंल!"

अंगण दुसऱ्यांदा कोसळलं. या खेपेला रावजीतात्यासुद्धा हसले, शाळेच्या मागून.

नियम म्हणजे नियम. मी तिथेच राहते, म्हणजे चिठ्ठीत माझंही नाव. सासूबाई आल्या, त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी उचलली, आणि नाव माझंच निघालं! प्रणयने माझं रक्त इतक्या आनंदाने काढलं, की विचारू नका. नळीवर लेबल चिकटवून त्याने खड्या आवाजात वाचलं, "नमुना क्रमांक चाळीस, दिपाली मॅडम!" गावाने टाळ्या वाजवल्या. चाळीसपैकी चाळीस झाले, टीमप्रमुखही मीच राहिले.

महिन्याभराने माझा रिपोर्ट आला. अगदी नॉर्मल आहे. रक्ताचा, म्हणजे!