शरीरजोडांची सतरा पानं

भिंगरावांच्या कार्डावर नावाखाली सहा ओळी होत्या. ‘गुप्तहेर-शिरोमणी. मानवी स्वभावाचे गाढे अभ्यासक. पाऊलखुणा, ठसे व संशय यांचे तज्ज्ञ. एका नजरेत माणूस ओळखणारे. गुन्हेगारांचा कर्दनकाळ. भेटीची वेळ : केव्हाही.’ यातली शेवटची ओळ तेवढी खरी होती. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एका कचेरीत उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे लाल फुल्या मारल्या होत्या. निवृत्तीनंतर लाल शाई परत करावी लागली, संशय मात्र शिल्लक राहिला. भिंगराव हे नाव गल्लीने थट्टेने ठेवलेलं. त्यांना ते पदवीसारखं वाटायचं.

त्यांचा सहायक म्हणजे त्यांचा धाकटा मेहुणा. धंद्याने शिंपी, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तर हेरगिरीत हौसेने आला नव्हता. “यांना एकटं सोडू नकोस रे, कुठेतरी मार खाऊन येतील,” असं ताईने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. त्यामुळे दुकान बंद असेल त्या दिवशी तो गळ्यातली टेप उतरवायचा आणि वही घेऊन भाऊजींच्या मागे चालायचा.

त्या दुपारी बोलावणं आलं ते एका टंकलेखिकेचं. भिंगरावांनी तिला आजवर तीनदा कार्ड दिलं होतं. तिन्ही तिने फेकून दिली होती, पण कार्डामागचा फोन नंबर दुर्दैवाने लक्षात राहिला होता. ती एका प्रकाशकांकडे कामाला होती. दुसऱ्या मजल्यावर पुढच्या दोन खोल्यांत कचेरी आणि मागे प्रकाशकांचं घर. ते खेळांची पुस्तकं काढत. खेळ असा, की चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, कोणी अंतराळातला मांत्रिक, कोणी यंत्रांचा वैद्य, आणि संकट आलं की फासे टाकून निभावून न्यायचं. एका लेखिकेच्या नव्या पुस्तकात परग्रहांवरच्या अकरा नव्या जमाती होत्या आणि अंगाला बसवून घ्यायचे ‘शरीरजोड’ होते. जमाती छापखान्यात गेल्या होत्या. शरीरजोडांची सतरा हस्तलिखित पानं, निळ्या फाइलमधली, तिच्या टेबलावरून एक ते दीडच्या दरम्यान नाहीशी झाली होती. ती तेव्हा डबा खायला गेली होती. दुसरी प्रत नव्हती. छापखान्याची मुदत पाच वाजेपर्यंत होती, आणि पानं सापडली नाहीत तर उद्यापासून येऊ नकोस, असं प्रकाशकांनी तिला शांतपणे सांगितलं होतं.

भिंगरावांनी दारातच भिंग डोळ्याला लावलं. सगळ्यांत आधी त्यांनी भिंतीवरच्या एका चित्राची झडती घेतली. ती ‘पाठमोरे’ नावाची जमात होती. त्यांना पुढून पाठ असते आणि मागूनही पाठच, त्यामुळे त्यांना कोणाचं तोंड बघावं लागत नाही आणि त्यांच्या पाठीमागे बोलायला कोणाला जागा मिळत नाही. भिंगराव बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मेहुणे, लिहा. हा इसम चेहरा लपवतो आहे.”

मास्तरने लिहिलं. भाऊजींचं सगळं लिहून घेतलं की लवकर घरी जाता येतं, हे तो अनुभवाने शिकला होता.

पहिला निष्कर्ष दहा मिनिटांत निघाला. एखाद्या प्रतिस्पर्धी प्रकाशकाने माणूस पाठवला आणि तो खिडकीतून आला. खिडकीला गज होते आणि दोन गजांमध्ये चार बोटांचं अंतर होतं. यावरून गुन्हेगार अतिशय सडपातळ असल्याचं सिद्ध झालं. टंकलेखिकेने घड्याळाकडे बघितलं. अडीच वाजले होते.

तेवढ्यात प्रकाशक बाहेर आले. फार वाईट झालं, असं ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा चांगला ताजातवाना दिसत होता. सुदैवाने त्यांनी स्वतः शरीरजोडांची एक यादी करून ठेवली होती, टाइप करून, टाचणी लावून. खांद्यातून निघणारी तोफ, डोळ्यातून निघणारा किरण, गुडघ्यातून निघणारी दुसरी तोफ. लेखिकेची पानं नाहीच सापडली तर ही यादी तयार होती. पोरांना हेच हवं असतं, ते म्हणाले. “तिच्या पानांत प्रत्येक जोडाला एक शक्ती आणि एक कटकट आहे. मला सांगा, खाज वाचायला कोण घेणार पुस्तक?”

मास्तरच्या मनात आलं की ज्याची बदली वस्तू आधीच तयार आहे, त्याला दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. तो तसं भाऊजींच्या कानात बोललाही. पण प्रकाशकांनी भिंगरावांना नुकतीच गादीची खुर्ची दिली होती आणि त्यांच्या डोळ्यांत ‘करारी तेज’ असल्याचं सांगितलं होतं. अशा माणसावर संशय घेणं शास्त्रात बसत नाही, असं भिंगराव म्हणाले.

मग ते गुडघ्यांवर बसले आणि फरशी बघू लागले. ती दुपारी पुसलेली होती, आणि ओल्यावर पावलं उमटून वाळली होती. पाचव्या मिनिटाला त्यांनी श्वास रोखला. डाव्या बुटाचा ठसा स्वच्छ होता. उजवा प्रत्येक ठिकाणी घासत गेलेला.

“गुन्हेगार उजव्या पायाने अधू आहे,” ते उठून म्हणाले. “लिहा, मेहुणे. ठळक अक्षरात.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर लेखिका बसली होती. चाळिशीची बाई, केस आखूड, हातात थंड झालेला चहा.

“ते ठसे माझे आहेत,” ती म्हणाली. “माझा उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. तुम्ही आल्यापासून मी तुमच्यासमोरून तीन वेळा चालत गेले.”

“म्हणजे ही कबुली समजायची?”

“समजा. या पुस्तकाला मी एका पायावर तयार झाले होते, तेही लिहून घ्या.”

मास्तरला हसू आलं आणि पाठोपाठ इतकी लाज वाटली की त्याने मान खाली घातली. भिंगराव मात्र खुलले. लेखिकेने प्रसिद्धीसाठी स्वतःचीच पानं चोरली, हा निष्कर्ष त्यांनी खोलीत फेऱ्या मारत मांडला. लेखिकेने वाद घातला नाही. तिने फक्त टंकलेखिकेला सांगितलं की ती पानं लिहायला चार वर्षं लागली, पाचच्या आत पुन्हा लिहून होणार नाहीत, आणि तुझी नोकरी जाणार असेल तर मी प्रकाशकांना सांगते की पानं माझ्याकडूनच हरवली. टंकलेखिका रडायला लागली. प्रकाशकांनी तोफांच्या यादीवरची टाचणी सरळ केली.

साडेतीन वाजता भिंगराव घराच्या भागात घुसले. मागच्या खोलीत प्रकाशकांचे वडील आरामखुर्चीत वर्तमानपत्र पसरून बसले होते. भिंगरावांनी विचारलं, दुपारी एक वाजता आपण कुठे होता? आजोबा म्हणाले, “साखर नको.” फाइल बघितली का? “डॉक्टर शुक्रवारी येतात.” भिंगराव भारावून बाहेर आले. म्हातारा सांकेतिक भाषेत बोलतो आहे, त्यांनी जाहीर केलं, आणि ‘साखर’, ‘शुक्रवार’ या शब्दांची अक्षरं उलटसुलट जुळवायला बसले.

मास्तर तिथेच रेंगाळला. त्याला पुढच्या खोलीत जाववत नव्हतं. त्यातून त्याची नजर शिंप्याची. आजोबांच्या सदऱ्याची बाही कोपराशी उसवलेली दिसली, म्हणून तो जवळ गेला. तेव्हा त्याला दिसलं की वर्तमानपत्र नुसतंच वर धरलेलं आहे आणि आजोबा त्याच्या आड मांडीवरचे कागद वाचताहेत. निळ्या शाईतलं बारीक अक्षर. आजोबांचे खांदे हलत होते. ते हसत होते.

मास्तर त्यांच्या कानाशी वाकला आणि त्याने सावकाश विचारलं, “काय वाचताय, आजोबा?”

आजोबांनी चमकून वर बघितलं. मग खिशातून श्रवणयंत्र काढून कानात बसवलं, ते शिट्टी वाजेपर्यंत पिरगाळलं आणि म्हणाले, “बसा. हे ऐका.” ते बोट ठेवून वाचू लागले. “‘उडता पाय. शक्ती : खड्डा कितीही मोठा असो, एका उडीत पार. कटकट : दिवसभर कोणी येत नाही. पाय काढून बसलं की दाराची बेल वाजते. फासा टाका.’” ते पुन्हा हसले. पान उलटलं तेव्हा मात्र त्यांचा आवाज जरा खाली आला. “‘दूरश्रवा कान. शक्ती : शेजारच्या ग्रहावरची कुजबुज ऐकू येते. कटकट : जेवताना चार जण एकदम बोलले की फक्त चमच्यांचा आवाज येतो, आणि घरचे समजतात, याला आता काही कळत नाही.’” त्यांनी कागदावरून हात फिरवला. “ही बाई कोण आहे हो? हिला कसं माहीत?”

मास्तरने त्यांना हात धरून, फाइलसकट, पुढच्या खोलीत आणलं. सव्वाचार झाले होते. फाइल बघून टंकलेखिका उठली ती थेट यंत्रासमोर जाऊन बसली. प्रकाशकांचा चेहरा पडला, मग त्यांनी तो घाईघाईने उचलला.

“बाबा, न विचारता कशाला नेलंत?”

“विचारलं की. तुझ्या दारात उभा राहून विचारलं, ही फाइल वाचायला नेऊ का. तू फोनवर होतास. हो हो म्हणालास, मान हलवलीस.”

प्रकाशकांना ते आठवलं असावं, किंवा इतक्या वेळा मान हलवली होती की नेमकी कोणती ते आठवेना. आजोबा लेखिकेसमोर जाऊन उभे राहिले. पान सगळं बरोबर आहे, त्यांनी सांगितलं, पण कानाच्या शक्तीत एक गोष्ट राहून गेली आहे.

“हवा तेव्हा बंद करता येतो,” ते म्हणाले. “दुपारपासून मी तेच केलंय. तोफेपेक्षा मोठं आहे ते.”

लेखिकेने पेन काढलं आणि तिथेच, उभ्याउभ्या, ती ओळ वाढवली. मग खुर्ची ओढून आजोबांना शेजारी बसवलं आणि आणखी काय काय राहिलंय ते विचारायला लागली. पुष्कळ राहिलं होतं. प्रकाशक थोडा वेळ तोफांची यादी हातात धरून उभे होते. मग त्यांनी ती टेबलावर उपडी ठेवली, टाइप होऊन आलेलं पहिलं पान उचललं आणि खिडकीपाशी जाऊन वाचू लागले. चमच्यांच्या ओळीपाशी ते बराच वेळ थांबले. टंकलेखिकेने उद्या येऊ ना, असं विचारलं, तेव्हा त्यांनी आधी पान खाली ठेवलं, तिच्याकडे बघितलं, आणि मग हो म्हणाले.

जिना उतरताना भिंगरावांनी समजावून सांगितलं की म्हाताऱ्यावर त्यांचा संशय पहिल्या क्षणापासून होता आणि त्याला बेसावध करण्यासाठीच त्यांनी बाकीचे तीन निष्कर्ष काढले होते. पहिल्या वळणावर ते थांबले, भिंग रुमालाने पुसून खिशात ठेवलं आणि प्रकरणाचा शेवट सांगितला. “लिहा, मेहुणे. प्रकाशकाच्या घरातच गुन्हेगार सापडला.”

मास्तरने वही गुडघ्यावर टेकवली आणि लिहिलं, ‘प्रकाशकाच्या घरात वाचक सापडला.’