बेकारांची फिल्म आणि खानोलकर

आमचे शारजातले शेजारी खानोलकर "या" म्हणायच्या आधी "कट!" म्हणायचे. बिल्डिंगमध्ये कुणाकडे काही असो, हे कॅमेरा घेऊन हजर. आमच्या सत्यनारायणाला उजेड कमी पडला म्हणून ह्या गृहस्थांनी गुरुजींना आरती पुन्हा म्हणायला लावली. गुरुजींनी म्हटलीसुद्धा!

मग मंदी आली. दुबई मरीनातल्या बांधकामांच्या क्रेन थांबल्या आणि ड्राफ्ट्समन खानोलकरांची नोकरी गेली. वहिनी मुलांसकट आधीपासूनच डोंबिवलीला, हे इथे एकटे. व्हिसा संपायच्या आत काय करावं माणसाने? म्हणाले, "फिल्म काढतो. पोलिटिकल. बेकारांवर."

"अहो, इथे चार माणसं घोषणा द्यायला बसली तरी खलास!"

"म्हणूनच. यल्ला, चला, गाडी काढा."

पोचलो तो मालक पळालेल्या एका कंपनीचा कामगारांचा कॅम्प होता. थकलेल्या पगारासाठी कामगार गेटसमोर मुकाट बसले होते. कॅमेरा दिसला मात्र, सगळे उठून आत गेले. परतले ते अंघोळी करून, ईदचे शर्ट घालून, केसांना तेल चोपडून. वर हसतायत!

खानोलकरांनी कपाळावर हात मारला. "अरे, निदर्शनं आहेत ही, वरात नव्हे! जरा उपाशी दिसा!"

नांदेडचा गवंडी रज्जाक म्हणाला, "साहेब, गावाकडं म्हातारी बघंल की. उपाशी दिसलो तर तिच्या घशाखाली घास उतरंल का?"

खानोलकरांनी कॅमेरा सुरू केला. एकेकाला उभं करून त्यांनी सगळ्यांचं हसू टिपलं. पोलिटिकल फिल्म तिथेच बोंबलली. व्हिसा संपल्यावर त्या चित्रणाच्या सीडी बॅगेत भरून ते भारतात गेले.

महिन्याभराने रज्जाक भेटला. "साहेब गावाकडं आमच्या घरी येऊन गेले. म्हातारीला पिक्चर दाखवलं, तिच्याबरोबर जेवले. आता म्हणे तेलंगणात फिरतायत, बाकीच्यांच्या घरी."

वेडा माणूस, पण सोन्यासारखा!

त्याच संध्याकाळी डोंबिवलीहून वहिनींचा फोन आला.

"भावजी, ह्यांचा फोन सारखा बंद लागतो. कामाचा फार ताण आहे का हो ऑफिसात? निदान गणपतीला तरी रजा मिळेल ना?"

म्हणजे घरी काहीच सांगितलं नव्हतं. परक्यांच्या आयांना धीर देत गावोगाव हिंडणाऱ्या ह्या माणसाला स्वतःच्या दाराची बेल वाजवायचा धीर होत नव्हता.

"मिळेल वहिनी," मी म्हटलं, "इन्शाल्ला."