हिवाळे सरांचं चौकटीतलं आत्मचरित्र

“हलू नका सर! लय भारी चौकट बसायलीय!” हे ऐकलं की बोरीच्या आमच्या शाळेत माणूस जिथल्या तिथं थिजायचा. मी एकदा तोंडात अर्धं भजं धरून पाच मिनिटं उभा होतो.

चित्रकलेचे हिवाळे सर आत्मचरित्र काढत होते. हो, काढत, लिहीत नव्हते. पानाला सहा चौकटी, प्रत्येकीत त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग, आणि सबंध वहीत अक्षर म्हणून एक नाही.

नामांतराची वर्षं होती. सभा व्हायच्या, मोर्चे निघायचे आणि जो तो आपलं आयुष्य लिहून काढायच्या बेतात असायचा. मी पडलो मराठीचा मास्तर. “अहो, आत्मचरित्र लिहायचं असतं,” हे सांगून थकलो. सर म्हणायचे, “लिहिताना माणूस हळूच सोताला दोन इंच उंच करतो. चित्रात करून बघा, शेजारचं दार ठेंगणं होतंय!”

एका मोर्चात त्यांची चप्पल हरवली. वहीत मोर्चाला एक चौकट मिळाली, चपलेला चार.

सर सगळ्यांना वहीत घ्यायलेत, ही बातमी गावात फुटली आणि मग काय विचारता! हॉटेलवाला फुकटचा चहा घेऊन आला, “सर, पोट तेवढं आत घ्या.” हेडमास्तर स्वतःची मिशी दोनदा तपासून गेले. सरांचं उत्तर ठरलेलं, “हे आत्मचरित्र हाय, फोटो स्टुडिओ न्हाई!” मला बारा चौकटी मिळाल्या. बाराही ठिकाणी मी जांभई देतोय.

अशात एका संपादकांचं पत्र आलं. चित्रं राहू द्या, मजकूर लिहून द्या, पुस्तक छापतो. मी नाचायचाच बाकी होतो. सरांनी पत्राची घडी घालून खिशात टाकली.

“न्हाई जमायचं.”

“अहो, छापील पुस्तक!”

“ते माझ्या मायला वाचता येईल का?”

शाळा सुटल्यावर सर मला घरी घेऊन गेले.

यमुनामाय ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. खुरपं धरून धरून बोटं वाकलेली. मांडीवर वही. एकेका चौकटीवर बोट ठेवत ती वाचत होती आणि खदखदा हसत होती.

“गुरजी, हे बगा, बकरीनं पाडलं ह्येला!” मग सरांना दटावलं, “ती काळी न्हवती रे. पांढरी व्हती. नीट लिव्ह की!”

पान उलटलं. शाळेचा बक्षीस समारंभ. मंचावर छोटे हिवाळे, आणि लांब लिंबाच्या झाडामागून डोकावणारं ठिगळाचं लुगडं. म्हातारीचं बोट थांबलं.

“ही मी हाय?”

“हं.”

“मी तर येत न्हाई म्हणाले व्हते. फाटक्या लुगड्याला लोक हसतील म्हणून मागंच थांबले.” ती सरांकडं बघत राहिली. “तुला दिसले व्हते?”

“लगेच दिसलीस, माय. बक्षीस कुणाच्या हातून घेतलं, ते मला आठवत न्हाई.”

यमुनामायनं चित्राला डाग लागू नये म्हणून पदरानं बोट पुसलं आणि पुन्हा त्याच चौकटीवर ठेवलं.