भिंतीवरची बाई आणि नेत्राची पैठणी

मालिनीकाकूंच्या किचनमधला पाइप फुटला आणि गणपतीच्या आरतीचं सगळं लटांबर ऐन वेळी शंतनूच्या घरी वळलं. अमेरिकेतल्या कॅरी गावातली वीस-पंचवीस मराठी माणसं आता दारात उभी राहणार, आणि हॉलच्या भिंतीवर ही बाई ऐसपैस आडवी पसरलेली, अंगावर सूतभर कपडा नाही!

शंभरेक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये कुणीतरी रंगवलेल्या चित्राची ती भलीमोठी प्रत नेत्राची, म्हणजे शंतनूच्या बायकोची. नोकरीपायी नेत्रा तिकडे कॅलिफोर्नियात सांता क्लाराला गेली त्याला वर्ष होत आलं होतं. आता तिला इकडची ऑफर आली होती, हो-नाही कळवायचा आज शेवटचा दिवस होता आणि बाईसाहेब फोनवर ताकास तूर लागू देत नव्हत्या. शंतनूचा जीव टांगणीला लागला होता. कलेतलं त्याला ओ की ठो कळत नसे. पण नेत्रा जिच्याकडे तासन्‌तास बघायची, तिच्यासमोर बसून तो रोज एकटा जेवायचा.

चित्र भिंतीला स्क्रूने पक्कं. निघता निघेना. शेवटी कपाटातली नेत्राची पैठणी हाताला लागली, तीच त्याने वरून लपेटली.

आल्या आल्या मालिनीकाकूंनी विचारलं, "साडी कुणाची रे?"

"नेत्राची," शंतनू म्हणाला आणि त्याने बाहीने डोळे पुसले. "फार आठवण येते हो, काकू." तेवढ्यात शिरा करपल्याचा वास आला आणि तो आत पळाला.

झालं! वर्षभर न दिसलेली बायको, झाकलेली फ्रेम, रडवेला नवरा. काकूंनी गणपतीच्या दोन हारांतला एक फ्रेमला घातला. कुणीतरी खाली निरांजन लावलं. एकनाथकाकांनी घसा साफ केला, "दोन मिनिटं शांत उभे राहू या. पोरगी फार गुणी होती."

शंतनू कढई घेऊन बाहेर आला, तर सगळे माना खाली घालून उभे. इतक्यात दार उघडून बॅग ओढत नेत्रा आत आली.

"अगं बाई!" काकू किंचाळल्या.

नेत्राने हार पाहिला, निरांजन पाहिलं, आपली पैठणी पाहिली. "शंतनू, मी कधी मेले रे?"

"अगं, तू नाही! आत ती आहे!"

"ती कोण?" एकनाथकाकांनी विचारलं.

नेत्राने पैठणी ओढली. हार घसरून बाईच्या पोटावर विसावला. एकनाथकाका लगबगीने छताकडे बघू लागले. काकूंनी मात्र चित्र नीट न्याहाळलं.

"किती वेळ अशी पडून राहिली असेल गं बिचारी! गारठली नाही का?"

नेत्राला हसू फुटलं. "तुझ्या आठवणीने रडत होता गं, म्हणून आम्हाला वाटलं..." काकू म्हणाल्या. नेत्रा हसायची एकदम थांबली. "काकू, हा खरंच रडत होता?"

"मग काय! शिरा करपवला त्याने."

"हो म्हणायचं की नाही, ते याचं तोंड बघून ठरवणार होते," नेत्राने फोन काढला. "करते बाबा अ‍ॅक्सेप्ट. अजून थोडे दिवस तिकडे राहिले, तर तुम्ही लोक माझं वर्षश्राद्धच उरकाल!"

शंतनूने कढई एकनाथकाकांच्या हातात दिली आणि सगळ्यांच्या देखत ढसाढसा रडला.