पहिल्या नंबराचा बैल

नाशिकच्या बैल प्रदर्शनातली प्रमाणपत्रं यंदा कॉम्प्युटरवर छापायचं काम निवृत्तीनं आपण होऊन अंगावर घेतलं. सी भाषा शिकून त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. पण घोटीचे सावळीराम गायकवाड बैल घेऊन येणार होते आणि त्यांचीच मुलगी यशोदा त्याला सांगून आली होती. मुलाचं काम आधी डोळ्यांनी पाहू, मग सुपारी फोडू, असा त्यांचा निरोप होता.

प्रोग्रॅम साधा होता. मालकाचं नाव, बैलाचं नाव आणि गाव एकेक करून विचारायचं आणि छापायचं. घरी त्यानं ‘निवृत्ती’, ‘सर्जा’, ‘नाशिक’ असं टाकून दहादा पाहिलं होतं.

नेमका सावळीरामांचाच बैल पहिला आला. होणाऱ्या सासऱ्याचं नाव नुसतं कसं टाकायचं? निवृत्तीनं मानानं पूर्ण लिहिलं, सावळीराम चिमाजी गायकवाड. एंटर दाबला मात्र, पुढचे दोन्ही प्रश्न उत्तरासाठी न थांबता झरकन येऊन गेले आणि प्रिंटर करकरू लागला. कागद तसाच माइकवाल्याच्या हाती गेला.

“पहिला नंबर! मालक सावळीराम. बैल चिमाजी. गाव गायकवाड.”

मांडव खदखदून हसला. पुढच्या रांगेत सावळीरामांचे ऐंशीचे वडील, खुद्द चिमाजीबाबा, नाव पुकारलं म्हणून पागोटं सावरत उठले.

“पावनं,” सावळीराम हळूच म्हणाले, “आमच्या बाला बैल केलं तुमी.”

“मामा, पाच मिनिटं द्या,” एवढंच निवृत्ती कसाबसा बोलला.

घाम पुसत त्यानं प्रोग्रॅम उघडला. त्यातलं उत्तर वाचून घेणारं स्कॅनएफ दोन शब्दांमधल्या पहिल्या मोकळ्या जागेशीच वाचायचं थांबत होतं. उरलेले शब्द दारात ताटकळत आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं म्हणून आत घुसत. त्यानं एंटरपर्यंतची अख्खी ओळ घेणारं एफगेट्स घातलं, ओळीच्या शेपटाला चिकटून येणारा एंटर खुडला आणि नवा कागद काढला. मालक सावळीराम चिमाजी गायकवाड, बैल ढवळ्या, गाव घोटी. त्याचा जीव भांड्यात पडला.

पण चिमाजीबाबा पहिला कागद सोडीनात.

“ऱ्हाऊ दे. उभा जलम बैलावानी राबलो, पहिला नंबर कुनी दिला नाय. या पोरानं दिला. फोडा सुपारी.”

निवृत्ती हरखून पाया पडायला वाकला. त्याच्या पाठीवर हात ठेवत बाबा म्हणाले, “पन लग्नाची पत्रिका छापखान्यातच छापा, बरं का. न्हाईतर हे यंत्र नवरीच्या जागी बी मलाच बसवायचं.”