सगळे म्हणजे कोण?

सुरुवातीलाच सांगून टाकते: कॉम्प्युटरमधलं आमच्या घरात मला सर्वांत जास्त कळतं! सरांनी मला शाळेत लॅब मॉनिटर केलंय. तेव्हापासून मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढते आणि दादा मला 'मॉनिटरबाई' म्हणतो. जळतो मेला!

सरांनी शिकवलं की प्रत्येक फाइलच्या पाठीवर तिची माहिती चिकटलेली असते. ती जन्मली कधी, शेवटचा बदल कधी झाला, मालक कोण, कोणी नुसतं बघायचं, कोणी आत खाडाखोड करायची. आपल्या वहीवर लेबल असतं ना, तसंच. फक्त वहीचं लेबल वही उघडताना आडवं येत नाही. फाइलचं येतं! आणि तिथेच आमचं घोडं अडलं.

झालं असं, की आईचं पहिलं पुस्तक येणार होतं. आई चित्रकार आहे. इतकी वर्षं ती दुकानांच्या पाट्या आणि खोकल्याच्या औषधाची खोकी रंगवत होती. आता कुठे एका प्रकाशनाने तिला मुलांचं अख्खं पुस्तक दिलं होतं, एका साळिंदराची गोष्ट. चित्रं शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची, नाहीतर काम दुसऱ्याला. प्रकाशनाच्या बाईंनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं, की आईने लगेच कॅलेंडरवर शुक्रवारभोवती लाल गोल काढला.

आणि ही चित्रं कुठे? तर घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर! त्यावर दादा गाणी भरतो आणि आजोबा पत्ते खेळतात. आजोबा म्हणजे आईचे वडील, आमच्याकडेच राहतात. सोमवारी त्यांनी मित्राला दाखवायला म्हणून एक चित्र उघडलं, आईच्या चित्र काढायच्या पाटीवर त्यांचं कोपर टेकलं, आणि साळिंदराला भरघोस मिशा फुटल्या!

"छान दिसतंय की," आजोबा म्हणाले. "कर्तबगार वाटतंय."

आईने न बोलता मिशा पुसल्या. आई बोलत नाही तेव्हा आमच्याकडे फ्रिजसुद्धा दबक्या आवाजात चालतो. मी तिथल्या तिथे ठरवलं, या चित्रांचं रक्षण आता मी करणार! जीव गेला तरी बेहत्तर!

पहिला उपाय सौम्य होता. सगळी चित्रं एकदम निवडली, त्यांच्या प्रॉपर्टीज उघडल्या आणि शीर्षकाच्या रकान्यात ठोकून दिलं: 'हात लावाल तर याद राखा!' पण फाइलच्या पोटातलं शीर्षक वाचतो कोण? कोणीच नाही. मीही ते विसरून गेले.

दुसरा उपाय म्हणून 'फक्त वाचण्यासाठी' या चौकटीत बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशी खूण गायब!

"मी एक चौकट दाबली," आजोबा म्हणाले. "तो म्हणाला, बदल करू का? इतक्या नम्रपणे घरात मला दुसरं कोण विचारतं? मी म्हटलं, कर बाबा!"

मग मात्र मी पेटले. शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या दप्तर पाठीवर ठेवूनच कॉम्प्युटरसमोर बसले आणि थेट परवानग्यांचं पान उघडलं. आजोबांच्या हट्टामुळे आमचा कॉम्प्युटर मराठीत बोलतो. तिथे एका गटाचं नाव होतं 'सगळे'. त्यापुढे एक चौकट होती, 'नकार'. मी टिचकी मारली! कॉम्प्युटर काकुळतीला आला. नकार होकारापेक्षा वरचढ असतो, खरंच पुढे जायचं? मी म्हटलं, हो, हो आणि हो!

साडेचारला आई हात पुसत आली. "चल, पाठवून टाकू." तिने फोल्डरवर टिचकी मारली.

'प्रवेश नाकारला.'

"हे काय?"

"काही नाही गं, कुलूप आहे. सगळ्यांना बंदी घातलीय," मी ऐटीत म्हटलं. "सरक, मी उघडते."

'प्रवेश नाकारला.'

"मॉनिटरबाई," दादा दारातून म्हणाला, "सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला?"

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? आमच्या घरात 'सगळे' म्हणजे बोलणारा सोडून बाकीचे! दादालाही मी हेच ऐकवलं. आई म्हणते, 'सगळ्यांनी घराचा उकिरडा केलाय,' तेव्हा त्यात आई असते का? आजोबा म्हणतात, 'हल्ली सगळे विसरभोळे झालेत,' आणि डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतात. पण कॉम्प्युटरला आमच्या घरची भाषा कुठे येते! त्याने 'सगळे' म्हटल्यावर सगळे धरले. आई, दादा, आजोबा आणि मी. साक्षात लॅब मॉनिटर!

फ्रिजचा आवाज बंद झाला.

"थांब!" मी ओरडले. "मालकाला कुलूप काढता येतं! सरांनी सांगितलंय!" मालकाचा रकाना बघितला. तिथे होतं: 'आजोबा'. बरोबरच! कॉम्प्युटर त्यांचा, फोल्डरही आईने त्यांच्याच खात्यातून बनवलेलं, तेव्हा पासवर्डही त्यांनीच घातलेला. आणि आजोबा कुठे? खालच्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरबाईंच्या खुर्चीत, आ वासून!

मी जिना चार-चार पायऱ्या गाळून उतरले.

"आजोबा, तुमचा पासवर्ड काय? प्रॉपर्टीजमध्ये मालक म्हणून तुमचं नाव आहे!"

आजोबा ताडकन उठून बसले. तोंडात कापूस, गळ्यात कागदी लाळेरं, ओठ बधिर. "प्रॉ'र्टीत नाझं नाव?" त्यांचे डोळे लकाकले. "कुठली जनीन?"

"जमीन नाही हो! साळिंदर! पासवर्ड सांगा!"

"ओटांना नाहीत!"

"ओठांना नाही, तर मग कोणाला माहीत आहे?"

"'बोटांना माहीत' म्हणतायत," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "ओठ बधिर झाले की 'ब' आणि 'म' पहिले जातात. मी दिवसभर हीच भाषा ऐकते."

म्हणजे पासवर्ड आजोबांना सांगता येत नव्हता, नुसता टाइप करता येत होता! मी त्यांचा हात धरला.

"अगं, दाढ अर्धी राहिलीय!" डॉक्टरबाई ओरडल्या.

"अर्धी दाढ थांबेल, आईचं पुस्तक थांबणार नाही!"

बाईंनी घड्याळ बघितलं, मग माझं तोंड बघितलं. "सुईचा असर उतरायच्या आत परत आणून बसव."

लाळेऱ्यासकट आजोबांची वरात वर आणली. खुर्चीत बसवलं. त्यांनी बोटं मोडली, पुटपुटत टाइप केलं. चूक! पुन्हा पुटपुटले. पुन्हा चूक! पडद्यावर आलं: आणखी एकदा चुकलात, तर खातं तासभर बंद.

पाचला सात मिनिटं कमी. आई खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिच्या बोटाला, आधी कागदावर रंगवून बघितलेल्या साळिंदराचा तपकिरी रंग अजून लागलेला होता. रडायचं नाही असं मी ठरवलंच होतं.

"आजोबा, पुटपुटू नका! तोंड बधिर आहे म्हणून बोटं फसतायत. गप्प बसून टाइप करा!"

"तुनी सगळे अघताय!" आजोबा भडकले. "सगळे आहेर व्हा!"

"आहेर? कोणाचं लग्न आहे?" दादाने विचारलं.

मी त्याला आणि आईला बाहेर ढकललं आणि स्वतः खुर्चीमागे ठाम उभी राहिले. मॉनिटर ना मी!

आजोबांनी मान वळवली. "सगळे नंजे तूसुद्धा!"

दिवसात दुसऱ्यांदा!

दाराला कान लावून आम्ही तिघं उभे राहिलो. टक टक टक. शांतता. मग कॉम्प्युटरची टणकन घंटी वाजली! मी आत उडी मारली, नकाराची खूण उडवली, आईने चित्रं पाठवली. पाचचे ठोके पडले तेव्हा आजोबा पुन्हा खालच्या खुर्चीत आ वासून बसलेले होते.

सोमवारी प्रकाशनाच्या बाईंचा फोन आला. आईने फोनचा आवाज मोठा केला.

"चित्रं सुरेखच! पण त्याहून शीर्षक! काय सुचलंय हो तुम्हाला!"

"शीर्षक?" आई गोंधळली. "'साळूचा दिवस'?"

"छे! प्रत्येक फाइलमध्ये लिहिलंय ते. 'हात लावाल तर याद राखा!' साळिंदराच्या पुस्तकाला याहून चपखल नाव शोधून सापडणार नाही. तेच छापतोय. सुचलं कोणाला?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाखाली पडलेलं खोडरबर शोधत होते.

"घरातल्या सगळ्यांना," आई हसत म्हणाली.

पुस्तक आलं. पहिल्याच पानावर छापलंय: 'शीर्षकासाठी घरातल्या सगळ्यांचे आभार.' आजोबा ते पान दाढेच्या डॉक्टरबाईंनाही दाखवून आले. दादा म्हणतो, "तुझं नाव कुठाय, मॉनिटरबाई? तूच म्हणाली होतीस ना, सगळे म्हणजे..."

नाही! या बाबतीत माझं आता कॉम्प्युटरशी पूर्ण एकमत आहे. सगळे म्हणजे मीसुद्धा!